मंजुळेला हवंय तरी काय

४ ऑगस्ट ७४, माधवनगर
कथा साभार परत! सोबत संपादकांचं कार्ड. "तुमची मंजुळा सोसते, रडते, देवापुढे बसते. पण तिला हवंय काय? काहीच हवं नसेल तर ती जागची उठेल कशाला? दुरुस्त करून महिनाअखेर पाठवा, दिवाळी अंकासाठी विचार करू." आधी राग आला. मग दुपारभर तेच डोक्यात. खरंच की. बाईला मी नुसती बसवून ठेवलीय.

६ ऑगस्ट
सातवा लागला. सासूबाई दिवसातनं दहादा, "काय खावंसं वाटतंय? मनात ठिवू नगंस. डोहाळं ऱ्हायलं की लेकराचा कान फुटतो." काल चिंच, आज कणीस. मला हवाय खिडकीजवळचा कोपरा आणि रोजचे दोन तास. ते कसं सांगू? कणीस मात्र झकास होतं.

९ ऑगस्ट
सुचलं!! मंजुळेला एस.टी.त बसायचंय. एकटीनं. कुणाला न सांगता, कुठं जायचं ते न ठरवता. बस्स. एवढं लिहिलं आणि बया अशी सुटली की माझाच हात मागं पडला. सहा पानं!

११ ऑगस्ट
सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. भाकरी थापायच्या थांबल्या. मंजुळा गाडीत चढली तसा त्यांचा चेहरा उतरला. वाटलं, कथा लागली! फार खूश झाले.

१२ ऑगस्ट
कसली कथा नि कसलं काय. हे गिरणीतनं आल्या आल्या सासूबाईंनी गाठलं. "पोरीला म्हायेरची वढ लागलीया. तोंडानं म्हणंना, कागदावर लिवती. उद्याच्या उद्या कोरेगावला पोचीव तिला."
मी म्हटलं, "आत्ती, ते मंजुळेचं आहे, माझं नाही हो."
"व्हय व्हय, मंजुळेचंच," म्हणत पिशवीत लाडू भरले.
माहेरी भावंडांचा गोंधळ, येणारं-जाणारं. एक ओळ व्हायची नाही. शेवट तर अजून लिहायचाय. रडू आलं. त्यांना वाटलं, आनंदानं रडतेय.

१३ ऑगस्ट
उंब्रजला गाडी थांबली. हे चहाला उतरले. मी पिशवी घेऊन मागोमाग उतरले.
"काय गं, बरं वाटंना काय?"
"मला माघारी जायचंय. कथा पुरी करायचीय. रोज दोन तास, खिडकीपाशी. हाच माझा डोहाळा!"
स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्यांदा. हे बघतच राहिले, मग हसत सुटले. "लय अवघड डोहाळा हाय गड्या. चिंचंवर भागलं असतं तर बरं झालं असतं."
परतीच्या गाडीत दोघांनी लाडू संपवले. सासूबाई दारातच. "म्हायेर नगं म्हणणारी पयलीच बघतीया!" तोंडानं ओरडत होत्या, हातानं मीठ-मोहऱ्या ओवाळत होत्या. रात्रीच्या आत शिलाई मशीन खिडकीतनं हललं, तिथं माझा पाट आला. किती बरं वाटलं सांगू!

२८ ऑगस्ट
टाकली पोस्टात. मंजुळा गाडीतनं उतरतच नाही. तशीच सोडली. संपादक काय म्हणतील? म्हणोत. लिहिताना जे सुख झालं ते काय साभार परत येणार आहे?

३० ऑगस्ट
दुपारी वाती वळत बसलो होतो. सासूबाई एकदम म्हणाल्या, "मंजुळा गेली गाडीत बसून. तिची सासू एकलीच घरात हाय. तिला काय पायजे, ते कुटं लिवलंयस?"
एवढी पानं लिहिली, त्या बाईला एकदाही विचारलं नव्हतं.
"तुम्हीच सांगा की आत्ती."
आवं, लाजल्या! पदर तोंडावर घेतला. "हसायची न्हाईस नव्हं?"
"नाही हसत."
"मग दाराला कडी घाल आदी."
घातली.