भिंतीखालची एकतीस घरं

मी, प्रेमराज पुना पाटील, वय ब्याऐंशी, धंदा शेती, मधली दहा वर्षे आमदार, राहणार मौजे निंबसावरे, ता. एरंडोल, जि. जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा मुलगा गिरधर 'आप्पा भ्रमिष्ट झाले' असं गावभर सांगत फिरतो, म्हणून दाखले दोन घेतले.

१. राहतं घर, ट्रॅक्टर आणि केळीची बाग गिरधरला. ही बाग बुडू नये म्हणून मी तलावाच्या भिंतीची जागा बदलली होती, हे त्याने घड कापताना आठवावं. मूळ आखणीत भिंत खडकावर होती. मी आमदार होतो, आखणी दोनशे पावलं नाल्याच्या वरच्या अंगाला सरकली.

२. लाकडी पांभर आणि बैलांच्या घुंगरमाळा सून मयुरीला. तिला पेरता येतं, तिच्या नवऱ्याला नुसती भाषणं येतात.

३. भिंतीवरची माझ्या नावाची कोनशिला उपटून माझ्या उंबऱ्याबाहेर पालथी टाकावी. लोकांनी तिच्यावर पाय पुसावेत. पुतळा, कमान, चौक असलं काही करू नये.

४. याचं कारण लिहून ठेवतो. १९८९चा उन्हाळा. भिंतीच्या पायाचा चर खोदत असताना मुकादम वना मला म्हणाला, "आप्पा, खाले अजून मुरूमच शे. खडक लागना नही." निवडणूक तोंडावर होती. मी म्हणालो, "तू माती लोट रे, बाकीचं मी बघतो." त्याने फावडं खाली ठेवलं. मी त्याला कामावरून काढलं, चर बुजवला, उद्घाटन केलं आणि पुन्हा निवडून आलो. मग भिंतीखालच्या एकतीस घरांना प्लॉटही मीच वाटले. एक वनाला दिला, त्याचं तोंड बंद राहावं म्हणून. तो गेला, त्याची बायको धुरपदाबाई अजून तिथेच राहते. वना, माझं चुकलं रे.

५. गेल्या पोळ्याला बैल नाल्यात धुवायला नेले. आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता, तरी भिंतीखालून झिरपणारं पाणी लाल येत होतं. नितळ झिरपलं तर काळजी नसते. लाल आलं म्हणजे भिंतीच्या पोटातली माती चालली. माझे पांढरे बैल तांबडे होऊन बाहेर आले.

सरकारी कार्यालयाला चार पत्रं लिहिली. 'पाहणी करून कळवू' असं उत्तर आलं. वस्तीत जाऊन हात जोडले, तर धुरपदाबाई हसून म्हणाली, "आप्पा, तुम्हीच बांधेल भिंत शे ना, मंग ती कशी फुटी?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जावानं कोठे?"

गिरधर येत्या जिल्हा परिषदेला उभा राहतोय. म्हणतो, "आप्पा, निवडणूक होऊ द्या, मग बोला." अरे, हे तर माझंच वाक्य!

६. सबब माळावरचं नऊ एकर शेत या एकतीस घरांना, घरटी सारखा वाटा. जिवंतपणीच बक्षीसपत्र करायला गेलो, तर गिरधरने जमीन वडिलोपार्जित आहे म्हणून कोर्टातून मनाई आणली. साफ खोटं आहे. ते शेत मी स्वतः घेतलं, कागद सोबत आहेत.

७. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. पावसाळा महिन्यावर आला आहे आणि माझी प्रकृती ठणठणीत आहे, ही मोठीच अडचण. म्हणून आजपासून मी धुरपदाबाईच्या पडवीत राहायला आलो आहे. खाट आणली, औषधं आणली. गिरधर, मनाई उठव, वस्ती माळावर ने. सगळ्यांच्या मागून मी येईन. नाही नेलीस, तर तलाव भरेल त्या दिवशी भिंतीखाली बत्तिसावं बिऱ्हाड तुझ्या बापाचं असेल.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

प्रेमराज पुना पाटील

साक्षीदार:
१. निर्मलकुमार चोरडिया, बियाण्यांचे दुकानदार, एरंडोल. (आप्पांना घरी चला म्हणून तीनदा सांगितलं. ऐकत नाहीत.)
२. रत्ना मोतीलाल सोनवणे, शिक्षिका, निंबसावरे.

ठिकाण: धुरपदाबाईची पडवी. मागे नाल्याला पाणी आहे, लालच.
दिनांक: ७ मे २०२५