बर्फ्याचा चेहरा

अण्णा, तुमच्या बर्फ्याला आता कुणीही मारू शकतं. पुण्याच्या काही मुलांनी तुमच्या मासिकातल्या चित्रकथेवर व्हिडिओ गेम केलाय. आमच्या लहानपणी अलिबागला स्टँडसमोरच्या दुकानात नाणं टाकून खेळायचे तसा, मुद्दाम जुन्या ठोकळेबाज चित्रांचा. तुमची नायिका, ती कोळीण, डावीकडून उजवीकडे चालत जाते, समोर येईल त्या गुंडाला बुक्क्या-लाथा घालते, आणि तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी धक्क्यावर बर्फ्या उभा असतो. खांद्यावर गोणपाट, डावा डोळा अर्धा मिटलेला. तो बर्फाच्या लाद्या फेकतो. त्या चुकवून त्याला मारत राहिलं की पडतो. तुमच्यामागे वारस म्हणून परवानगीची सही मीच केली. सही करताना पडद्यावर तुमचं नाव दिसेल एवढंच मनात होतं. बर्फ्या तेव्हा खरंच आठवला नाही, की मी आठवू दिला नाही, हे स्वतःला कितीदा विचारलं तरी ठरवता येत नाही.

मी नऊ वर्षांची असेन. रेवसच्या धक्क्यावर होड्यांसाठी बर्फ नेणाऱ्या हातगाडीवर चढायचं नाही, अशी तुमची ताकीद होती. मी चढले, ओल्या भुशावरून घसरले, ओठ फाटला. गाडीवाल्यानंच मला उचललं, धोतराच्या सोग्यानं रक्त पुसलं. घरी येऊन मी सांगितलं, त्यानं मला मारलं. तुम्ही भांडायला गेला नाहीत. तो तुमचा स्वभावच नव्हता; शाळेत चित्रकला शिकवायचात आणि घरी येऊन चित्रं काढायचात. स्वयंपाकघरात खिडकीखाली, मांडीवर फळी घेऊन तुम्ही बसला आहात, आई कोलंबी सोलतेय, आणि पुढच्या अंकातल्या खलनायकाला त्या गाडीवाल्याचा चेहरा मिळतोय. अंक आला तसं सगळ्या गावानं ओळखलं. पोरं त्याच्या गाडीमागे "बर्फ्या, बर्फ्या" करत धावायला लागली. मोठी माणसंही मग त्याला तीच हाक मारू लागली. एकदा मी विचारलं, "अण्णा, दर वेळी ह्यालाच का मार?" ब्रश न थांबवता तुम्ही म्हणालात, "तुझ्यावर हात टाकला ना त्यानं? मग खाऊ दे." तेव्हा बोलायला हवं होतं. मी ब्रश धुवायचं पाणी बदलून आणलं.

गेल्या रविवारी मी त्या गाडीवाल्याकडे गेले. ऐंशीच्या पुढचा आहे, पडवीत बसून असतो. "मास्तरांची पोर ना गो तू? ये, बस." सुनेनं चहा आणला. मी गेमचं सांगितलं तशी ती हसायला लागली. "माझा लगीन ठरला तवा बाया बोलायच्या, बर्फ्याच्या घरात पडतेस, गारठून मरशील गो!" तोही तोंडभर हसला. मग हसू ओसरल्यावर म्हणाला, "येक इचारू? मास्तरांचा माझ्यावर कसला राग व्हता? मी लय इचार केला. काय वाकडा केलता मी त्यांचा?"

"काका, चित्रंच ती," मी म्हणाले. "अण्णांनी सहज काढली असतील."

"न्हाय. सहज येवढी वर्सं कोन मारील?"

मी चहा संपवला आणि निघाले. वाटेत दोनदा थांबले, परत जावं म्हणून. गेले नाही. त्याला सांगायचं ते सगळं तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच इतकं सरळ लिहिता येतंय, हेही मला कळतं.

गेमवाल्या मुलांना मी बर्फ्याचा चेहरा बदलायला सांगितला. त्यांनी लिहिलं, "ताई, मूळ चित्रासारखाच तर काढलाय, मग का?" खरं कारण दोन ओळींत मावलं असतं. मी लिहिलं, मुळात वडिलांनाच तो चेहरा नीट साधला नव्हता. त्यांनी लगेच मान्य केलं. अण्णा, तो चेहरा तुम्हाला फार चांगला साधला होता.