पुसलेली तारीख

प्रिय छोट्या,

वाढदिवसाला दोन शब्दांचा निरोप धाडणारा तुझा दादा आज पानभर लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. बाबा ठणठणीत आहेत. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

महिनाभर आपल्या घराच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा करतोय. लोकांच्या खिडक्या झाकता आणि आपल्या उघड्या, असं तुझी वहिनी येता-जाता ऐकवायची. शेवटी मुहूर्त लागला. बाबांचे हात आता रंधा धरत नाहीत, जिभेची धार मात्र तशीच आहे. खुर्ची टाकून समोर बसतात आणि प्रत्येक फळीच्या टोकावरची तारीख मला वाचायला लावतात. लाकूड चिरलं त्या दिवशी फळीवर तारीख घालायची आणि ती सुकायला वर्षभर फळीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम तुला मी काय सांगू!

डॉक्टरांच्या घराच्या झडपा तू विसरला नसशील. किती देखण्या केल्या होत्यास. आणि पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्या पिळवटल्या, सांधे उघडले, एकही चौकटीत बसेना. ओलं लाकूड वापरलंस म्हणून बाबांनी चारचौघांत तुझी खरडपट्टी काढली, माझ्या हत्यारांना पुन्हा हात लावू नकोस म्हणाले. मी तारीख बघितली होती, असं तू परत परत सांगत होतास. मी तिथेच उभा होतो.

तू खरंच बघितली होतीस. ती तारीख खोटी होती आणि ती मी घातली होती. डॉक्टरांना फुशारकीने वेळेचा शब्द देऊन बसलो होतो आणि सुकलेलं लाकूड संपलं होतं. तीनच महिन्यांपूर्वी चिरलेल्या फळ्यांवर कानस फिरवली, खरी तारीख उडवली आणि मागच्या वर्षीची लिहिली. वाटलं, कुणाला कळतंय. नंतर रोज सकाळी सांगायचं ठरवायचो आणि चहा पिऊन गप्प कामाला लागायचो. अशी नऊ वर्षं गेली. तू गोदामात पेट्या उचलतोस हे ऐकून घास घशाखाली उतरत नव्हता, असं लिहायला हवं. पण उतरायचा रे, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

परवा एक फळी चाचपत बाबा म्हणाले, छोट्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, घाई नडली त्याला. माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. शिव्या घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तुझ्याकडे येणाऱ्या गाडीची वेळ विचारली.

रविवारी ते येतायत, एकटेच. मी सोबत नको म्हणाले. तुझी माफी मागणार आहेत. अंगणात फेऱ्या मारताना शब्द जुळवत पुटपुटतात, ते मी ऐकलंय. छोट्या, त्यांना ते बोलायला लावू नकोस. दारातच जवळ घे. ज्याने हात जोडायला हवेत तो इथे बसून पत्र लिहितोय. त्याचं काय करायचं, ते तू नंतर ठरव.

तुझाच, तुझ्यापुढे मान वर करू न शकणारा
दादा