साडेनऊचं जेवण

१८ जून, बुधवार
आवाज आजही बसलेला. सकाळी जास्त, दुपारी थोडा मोकळा. घशात काहीतरी अडकल्यासारखं. खाकरून निघत नाही, गिळून जात नाही. ताप नाही, सर्दी नाही. अडीच महिने झाले. गल्लीतल्या डॉक्टरचे अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, मग अ‍ॅलर्जीची गोळी. तिने नुसती झोप आली. माझे उपाय चालूच : उठल्याबरोबर लिंबू-मध, दिवसभर पुदिन्याच्या गोळ्या, वाफ. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आवाज ह्याच उपायांवर टिकला.

इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी वामनराव ह्यांचा फोन. "कोण बोलतंय?" म्हणाले. मीच, म्हटलं. "ताई, गणपतीत आरती तुम्ही सांगणार ना? पोरं पेन ड्राइव्ह लावायचा म्हणताहेत." सव्वादोन महिने आहेत, बघू म्हटलं.

मंडळात सगळ्या आरत्या पाठ असणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला गेली. बाकीचे टाळ्या वाजवतात आणि ओळीचा शेवटचा शब्द तेवढा म्हणतात.

२१ जून
पूजा वरून खाली आली. सून एरवी माझ्या कामात पडत नाही. "मम्मीजी, अब कान-नाक-गले वाले को दिखा ही दीजिए. मेरी गरौठा वाली चाची की भी आवाज़ ऐसे ही..." तिथेच थांबली. मीही विचारलं नाही. ती चाची गेली हे मला माहीत आहे.

मंगळवारची वेळ घेतली.

२४ जून, मंगळवार
प्रेम नगरात दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण, पण बडबड नाही, बरं वाटलं. नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला. पडद्यावर मलाही दाखवला. लाल, सुजलेला. गाठ नाही, म्हणाली. पूजाने एवढ्या जोरात श्वास सोडला की बाई हसली.

पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं. छातीत जळजळ होत नाही, म्हणून कळत नाही. ह्याला सायलेंट रिफ्लक्स म्हणतात म्हणे.

"खाना कितने बजे खाती हैं?"
"साढ़े नौ."
"और सोती कब हैं?"
"दस."
"इतनी देर क्यों?"
मी म्हटलं, "पति ड्यूटी से नौ बजे आते हैं."

तोंडातून निघून गेलं. बाई लिहीत होती. म्हणाली, "तो अंकल से कहिए, जल्दी आया करें. सोने से तीन घंटे पहले खाना हो जाना चाहिए."

पूजा शेजारीच बसली होती. काही बोलली नाही. येताना स्कूटीवरही नाही. खंडेराव गेटपाशी गाड्या अडकल्या होत्या, दहा मिनिटं एकाच जागी उभ्या होतो, तरी नाही.

२५ जून
लिंबू बंद. पुदिना बंद, त्याने तर आम्ल आणखी वर येतं म्हणे. म्हणजे औषध म्हणून जे घेत होते तेच भोवलं. उपाशीपोटी चहा बंद. चिंचेची आमटी, टोमॅटो, तळलेलं बंद. खाकरायचं नाही, खाकरून स्वरतंतू सोलवटतात. घोटभर पाणी प्यायचं. कुजबुजायचं पण नाही, त्यानेही ताण पडतो. गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी.

हे सगळं एका दिवसात सुरू केलं. वेळेचं तेवढं राहिलं.

२९ जून, रविवार
पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचलायची आहे. जास्त उश्या घेऊन चालत नाही, पोट दुमडतं. मिलिंदने विटा आणल्या.
"आई, तू कोणत्या बाजूला झोपतेस?"
डावीकडे, म्हटलं.
त्याने डाव्या पायाखाली वीट सरकवली. पलंग तिरका झाला, डुगडुगायला लागला. मग उजव्या पायाखालीही घातली. आता दोन्ही बाजू सारख्या उंच. उजवीकडची चादर आजही घडी न मोडलेली.

१२ जुलै
काल अर्धा दिवस आवाज बरा. आज पुन्हा फाटका. उजव्या कानात दडा, तोही ह्यातलाच असू शकतो म्हणतात.

खरं ते इथे लिहावं. अजून साडेनऊलाच जेवते. ह्यांची रेल्वेतली ड्यूटी, घरी यायला नऊ वाजायचे. एक्केचाळीस वर्षं त्यांच्या आधी जेवले नाही. निवृत्त झाल्यावरही वेळ तीच राहिली. शेवटची सहा वर्षं ह्यांना ऐकू येत नव्हतं. मशीन घेऊन दिलं, ते कपाटात. मग मी ओरडायची, "चला, पान वाढलंय." वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. पूजा नवी होती तेव्हा भांडण समजून खाली आली होती.

नोव्हेंबरपासून तर कुणाला हाक मारायची वेळच नाही. मिलिंदशी दोन वाक्यं मराठी, बाकी दिवसभर हिंदी, तीही हळू. मग आवाज कशाने बसला, हेच मला कळत नव्हतं.

मी कुणासाठी थांबत नाही. साडेनऊच्या आधी भूक लागत नाही, एवढंच.

५ ऑगस्ट, मंगळवार
पुन्हा नळी. सूज थोडी कमी, फार नाही.
"दवा ले रही हैं?"
"हाँ."
"परहेज?"
"पूरा."
"अंकल जल्दी आने लगे?"
पूजा खाली फरशीकडे बघत होती. मी म्हटलं, "वे नवंबर में नहीं रहे."

बाईचा पेन थांबला. "फिर आप साढ़े नौ तक..." मग रोजच्या आवाजात म्हणाली, "माताजी, गोली अकेली कुछ नहीं करेगी. इसमें महीने लगते हैं. गणेशजी तक की गारंटी मैं नहीं दूँगी."
आरतीचं पूजानेच सांगितलं असणार, मी गारंटी मागितली नव्हती.

बाहेर आल्यावर पूजा म्हणाली, "मम्मीजी, सात बजे मैं नीचे आ जाया करूँ?" नको म्हटलं. तुमचं आठला असतं, मुद्दाम बदलू नका.

६ ऑगस्ट
सातला जेवले. स्वयंपाकघरात उजेड होता. दुधी, पोळी, वरण. चव कळली नाही. पावणेआठला ओटा पुसून झाला. त्यानंतर काय करायचं ते

१७ ऑगस्ट, रविवार
अकरा दिवस सातलाच. मंडळात तालीम. पहिली ओळ नीट लागली, दुसरीत वर जाताना आवाज चिरला. पुन्हा धरला, पुन्हा चिरला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं. वामनराव म्हणाले, "ताई, ताण नको. पेन ड्राइव्ह आहेच." एक मुलगी म्हणाली, "आंटी, उसमें म्यूज़िक भी है."

घरी येऊन खाकरले नाही. पाणी प्याले.

२६ ऑगस्ट, मंगळवार
उद्या चतुर्थी. वामनरावांना सकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय.

सकाळी आवाज बरा होता. दुपारी मुद्दाम गप्प. सातला पान वाढलं. पूर्ण आवाज लावून पाहायचा तर काय म्हणावं? जेवायच्या आधी आरती म्हणून बघायचं मनात नव्हतं. जे तोंडात होतं तेच म्हटलं, "चला, पान वाढलंय."

चांगलं मोठ्याने. शेवटी थोडा खरखरला, चिरला नाही. स्वयंपाकघर पूर्वीइतकंच घुमलं.

वरून पूजा : "मम्मीजी, हमें बुलाया?"

पाणी प्याले. ती जिन्यात उभी राहिलेली कळत होती. मग आणखी दोन ताटं काढली.

वामनरावांना अजून फोन केलेला नाही.