आभाळ, लिंबू आणि शाल

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (डावा जास्त दुखतो हे भाच्याकडून कळतं, तू दोन वर्षं काहीच कळवत नाहीस.) इकडे सगळे बरे आहोत. आईच्या शालीचा विषय या पत्रात काढणार नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

कळवायचं म्हणजे, मी जलरंग शिकतो आहे. लॉन्ड्री बंद असते त्या दिवशी, सकाळी दहा ते बारा. तीस वर्षं लोकांचे डाग काढले आणि आता पदरचा कागद आणून डाग पाडतात, असं तुझी भावजय म्हणते. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण ते त्यांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कागद ओला करून वरून निळा रंग सोडायला लावला. बाकीच्यांचं आभाळ झालं. माझा रंग ओघळू लागला आणि हात आपोआप खिशातल्या फडक्याकडे गेला. तीन आठवडे मी एकही ओघळ कागदावर टिकू दिला नाही. शेवटी बाईंनी फडकं काढून घेऊन खणात ठेवलं (तास संपल्यावर परत मिळतं).

चौथ्या आठवड्यात एक लिंबू जमलं. एका बाजूला सावली, वर चकाकीसाठी कोरा सोडलेला ठिपका (पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच राखायचा असतो). पण वाळताना कागदाने छपराच्या पत्र्यासारख्या लाटा धरल्या. सुरकुती दिसली की मला चैन पडत नाही, हे तू जाणतेस. दुकानात नेऊन इस्त्री तापवली आणि सवयीने आधी पाणी शिंपडून मोकळा झालो. लिंबू इस्त्रीच्या कापडावर उठलं, तिथून डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर. डॉक्टर शांत माणूस. कोट उजेडात धरून, सावली चांगली पडली आहे म्हणाले.

मग बाईंनी घरातली एखादी वस्तू आठवून काढायला सांगितली. मी एक निळी वस्तू घेतली. (कुठली ते विचारू नकोस.) एका जागी रंग जास्त झाला, म्हणून बोटाने घासत बसलो. कागदाची लव निघाली, खाली टक्कल पडलं. बाई मागेच उभ्या होत्या.

"चोळू नका," त्या म्हणाल्या. "चोळलं की डाग जात नाही, कागद जातो."

हे मला कोणीतरी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. निदान दोन वर्षांपूर्वी.

गुडघ्याला शेक देत जा. भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. शाल उन्हाने विटली नव्हती. आईच्या पेनातला शाईचा थेंब होता, तो राहू दे असं तू सांगून गेली होतीस, आणि मी दुपारभर चोळला. तुला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. मी अजून कबूल केलं नव्हतं, एवढंच.

दुसरा ता. क. चित्र अडलं आहे. तो निळा मला काही केल्या साधत नाही. शाल ठेवली असलीस तर घेऊन ये. पोस्टाने नको. चुरगळून आली तर मला इस्त्री करावीशी वाटेल.

तिसरा ता. क. पत्राच्या खालच्या कोपऱ्यात ओघळ आहे तो ब्रशच्या पाण्याचा. पुसलेला नाही.