बाळाची गादी

चिमणे,

शनिवारी बाळाला माझ्याकडे ठेवून तू कामावर रुजू होणार, म्हणून लिहायला बसले.

झोपेच्या गोळ्या मी अजून घेते. तुझे बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरत्या दिल्या होत्या, त्याला आता नऊ वर्षं झाली. मध्ये सोडून पाहिल्या, तर डोळ्याला डोळा लागेना आणि हात इतके थरथरायला लागले की सुईत दोरा जाईना. शिंपिणीनं मग करायचं काय?

मागच्या आठवड्यात सकाळी उठले, तर मशीनवर झबलं शिवून तयार! कापड खिडकीच्या पडद्याचं. मला काहीच आठवेना, पण शेवटची गाठ मी उलट्या बाजूनं मारते, तशीच मारलेली. मला हसू आलं. म्हटलं, चला, झोपेतही कामं उरकायला लागली बाई.

काल सकाळी मात्र बाळासाठी घालून ठेवलेली गादी मधोमध कापलेली होती. काप अगदी सरळ. माझी कात्री कधी वाकडी जातच नाही.

मी कात्री कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली तांदळाच्या डब्यात खोल पुरली. आज जाग आली तेव्हा कपाट सताड उघडं होतं, किल्ली माझ्या मुठीत होती आणि नखांत तांदळाची पिठी.

हे वाचलंस तर तू बाळाला आणायची नाहीस. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. संध्याकाळी फोनवर तू विचारशील, "आई, झोप लागते ना गं नीट?"

मी म्हणेन, "अगदी गाढ."

तुझी आई