रक्ताच्या नात्याची सही

मी, राजेश्वरी सिताराम कासारे, वय त्रेपन्न, व्यवसाय तुर्भे येथे मोटर वाइंडिंगचे दुकान, राहणार नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या समजुतीने व खुशीने करते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जीव मात्र ठिकाणावर नाही. सोमवारी हृदयाच्या झडपेचे दुसऱ्यांदा ऑपरेशन आहे, आणि लिहिता लिहिता मी सारखी उठून दाराची कडी बघून येते. वकील प्राचीताई म्हणतात, एवढे सविस्तर लिहायची गरज नसते. मला आहे. पुढे कोणी कोर्टात गेले तर माझ्या वतीने बोलायला हा कागदच असेल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. नेरूळचे घर मी गीतांजली दिलीप पेंडुरकर हिला देते. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, कारण नात्यात नसलेल्या दोन बायकांना बँकेने मिळून कर्ज दिले नाही. हप्ते दोघींनी भरले. ती शाळेत भूगोल शिकवते. सोसायटीच्या कागदांत ती माझी ‘भाडेकरू’ आहे. खरे म्हणजे ती माझी बायको आहे आणि मी तिची.

हे नाते सरकारदरबारी लिहून घ्यावे म्हणून आम्ही प्रयत्न केला नाही असे कोणी म्हणू नये. सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते की समलिंगी विवाह ही शहरातल्या उच्चभ्रूंची मागणी आहे. गीतांजलीने बातमी वाचून दाखवली, तेव्हा मी एका पंपाची मोटर उघडून बसले होते आणि हात कोपरापर्यंत वॉर्निशने चिकट झाले होते. दोघींना खूप हसू आले. निकाल विरुद्ध गेला त्या दिवशी हसू आले नाही. तरी पुढच्या थंडीत आम्ही विवाह नोंदणीची नोटीस घेऊन गेलो.

“वर कोण?” विवाह अधिकाऱ्यांनी विचारले.

“वर नाही. दोघी वधू,” मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवले. “कोर्टाने नाही म्हटलंय. पेपर वाचत नाही काय तुम्ही?”

“वाचतो,” गीतांजली म्हणाली. “म्हणून तर म्हणते, नोटीस घ्या आणि नाकारताय ते लेखी द्या. आम्ही अपील करू.”

“लेखी बिखी काही मिळणार नाही. मागे लाइन बघा जरा.”

नोटीस त्यांनी परत केली, पण माझा गावचा पत्ता टिपून घेतला. मग आमच्या गावाहून, खेडहून, भावाचा नंबर मिळवून त्याला फोन केला, “बहिणीला समजवा.” आम्हाला एक ओळ लिहून द्यायला त्यांच्याकडे सवड नव्हती. या फोनला होती. हे कोणत्या नियमात बसते ते मी अजून विचारते आहे. माहितीच्या अधिकारात दोनदा विचारले. उत्तर आले की अशी नोंद आढळत नाही.

२. माझा भाऊ कमळाकर याला घर व बचत यांतले काही नाही. कारण लिहिते. फोननंतर तो दुकानात आला, गिऱ्हाइकांसमोर बोलू नये ते बोलला आणि येणे-जाणे तोडले. गेल्या जूनमध्ये मी दुकानातच कोसळले. ऑपरेशन लगेच करायचे होते, मी शुद्धीवर नव्हते. गीतांजली सही करायला पुढे झाली. हॉस्पिटलच्या माणसाने नाते विचारले आणि तिने खरे सांगितले. “रक्ताचं कोणी आणा,” तो म्हणाला. तिने कमळाकरला फोन केला. तो आला. पेन हातात घेऊन म्हणाला, “आधी तू घर सोड. चावी दे. मग सही.”

तिने तिथेच चावी काढून दिली.

मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात वहिनी होती आणि गीतांजलीचे कपडे जिन्यात पोत्यांत भरलेले. वहिनीने सांगितले, ती कंटाळून गेली. मी विश्वास ठेवला नाही. टाके ओले असताना रिक्षा करून शिरवण्याला गेले, कारण तिला जायला दुसरी जागाच नव्हती. तिथे शकुबाई मढवी यांच्या भाड्याच्या खोलीत आम्ही पहिला संसार मांडला होता. त्या दारातच बसल्या होत्या.

“आत हाय,” त्या म्हणाल्या. “जेवत नाय, झोपत नाय. तुज्या भावाला सही करायला घर लागला, नि हिनी दिला. आता ने हिला. नि परत कोनाच्या हाती चावी देव नको.”

त्याच दिवशी कुलूप बदलले. कमळाकरला वडिलांचा तसबिरीतला फोटो द्यावा. तो त्याचाही बाप होता.

३. दुकानाचे भाडेहक्क, वाइंडिंग मशीन, इन्सुलेशन तपासायचा मेगर व सर्व हत्यारे मोनालीला. ती माझ्याबरोबर काम करते आणि गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा नीट, हिशेबाने बोलते.

४. बँकेतली बचत गीतांजलीला. तिने त्यातून समुद्र सोडून कुठेतरी फिरून यावे. मला समुद्र नको असायचा, म्हणून ती हट्टाने मालवणलाच न्यायची.

५. माझा देह गीतांजलीच्या ताब्यात द्यावा, विधी बौद्ध पद्धतीने तिने करावा. सरकारने राज्यांना कळवले आहे म्हणे, की जवळचे नातेवाईक नसतील तर सोबत्याला देह देता येईल. मला नातेवाईक आहे. म्हणून हे कलम.

६. उपचारांच्या संमतीचे पत्र वेगळे केले आहे. ते मानायचे की नाही, हे त्या वेळी टेबलामागे कोण बसले असेल त्यावर आहे. म्हणून गीतांजलीला माझी शेवटची आज्ञा: सोमवारी मी पुन्हा बेशुद्ध पडले आणि कोणी सहीसाठी अट घातली, तर घरातून हलायचे नाही. मी गेले तरी चालेल.

हे कलम ती माझ्या खांद्यावरून वाचते आहे. “हे खोड,” म्हणते. “मी परत चावी देईन. दहा वेळा देईन.” मी खोडत नाही. ती ऐकणार नाही. दोन्ही गोष्टी साक्षीदारांनी ऐकल्या आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघांच्या समोर सही केली.

ठिकाण: नेरूळ, नवी मुंबई
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

(सही) राजेश्वरी सिताराम कासारे

साक्षीदार:
१. (सही) शकुबाई मढवी, राहणार शिरवणे
२. (सही) डॉ. हितेश गाला, राहणार नेरूळ